रेडमाइनमधली अ‍ॅक्सेसची आवराआवर: प्रकल्प नोंदी

२ जून, सोमवार

रेडमाइन ही आमची कामं आणि अडचणी 'इश्यू' म्हणून नोंदवायची प्रणाली. तिच्यात कुणाला काय दिसावं, काय करता यावं ते नीट लावायचं काम आजपासून माझ्याकडे. सुरुवात झाली ती एका मेलमुळे. सात महिन्यांपूर्वी काम संपवून गेलेल्या एका बाहेरच्या कंत्राटदाराने स्वतःहून कळवलं, "तुमच्या इश्यूंचे मेल मला अजून येतायत, जरा बघा." बघितलं. त्याचं खातं चालूच होतं. वर तो १९ प्रोजेक्टांत सदस्य होता, आणि प्रत्यक्षात त्याने काम केलं होतं दोनच प्रोजेक्टांत.

मोजदाद केली. ८६ प्रोजेक्ट, त्यातले ५१ उपप्रोजेक्ट. १४ रोल (रोल म्हणजे परवानग्यांचा एक संच). २२ ग्रुप. चालू खाती २४०. अ‍ॅडमिनची खूण असलेली खाती ९.

साहेबांनी विचारलं, किती दिवस लागतील? "दोन आठवडे," मी म्हटलं. पुढे वाचताना हसू यावं म्हणून हा आकडा मुद्दाम लिहून ठेवते.

कंत्राटदाराचं खातं लगेच लॉक केलं. डिलीट केलं नाही. डिलीट केलं तर त्याने लिहिलेल्या सगळ्या शेऱ्यांवरचं नाव जातं आणि ते निनावी खात्याच्या नावावर पडतात. लॉक केलं की लॉगिन बंद, मेल बंद, पण जुन्या चर्चेत कोण काय म्हणालं ते शाबूत राहतं.

३ जून, मंगळवार

आज हात लावला नाही, फक्त कागदावर मांडलं. एखाद्या माणसाला एखादा प्रोजेक्ट का दिसतो? रेडमाइनमध्ये याच्या वाटा पाच:

त्याला प्रोजेक्टात थेट सदस्य केलेलं असतं. किंवा तो ज्या ग्रुपमध्ये आहे तो ग्रुप सदस्य असतो. किंवा वरच्या प्रोजेक्टात तो आहे आणि खालच्या प्रोजेक्टावर 'सदस्य वरून घ्या' ही खूण आहे. किंवा प्रोजेक्ट सार्वजनिक आहे, म्हणून 'सदस्य नसलेला' या अंगभूत रोलच्या परवानग्या त्याला मिळतात. नाहीतर तो अ‍ॅडमिन असतो, मग प्रश्नच मिटला, त्याला सगळंच दिसतं.

आता खरी गोम. यातल्या सदस्यतेच्या पहिल्या तिन्ही वाटांनी आलेल्या परवानग्यांची बेरीज होते. वजाबाकी नाहीच. 'हा सोडून सगळ्यांना' असं लिहायला कुठे जागा नाही. एखाद्याला एका वाटेने 'फक्त वाचक' केलं आणि दुसऱ्या वाटेने तो 'मॅनेजर' असला, तर तो मॅनेजरच. त्यामुळे "याला अमुक परवानगी आहे का?" या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळून भागत नाही. ती आली कोणत्या वाटेने, हे कळल्याशिवाय काढता येत नाही. एका वाटेवर दार लावायचं आणि माणूस शेजारच्या दाराने आत, असं होतं.

शिवाय परवानगी असून चालत नाही, प्रोजेक्टात ते मॉड्यूलही चालू लागतं. वेळ नोंदवायची परवानगी रोलमध्ये आहे पण प्रोजेक्टात वेळेचं मॉड्यूल बंद आहे, तर ती परवानगी निजलेली राहते. कुणीतरी एक दिवस मॉड्यूल चालू करतं आणि ती जागी होते.

रोलची यादी वाचली. 'डेव्हलपर', 'डेव्हलपर २', 'डेव्हलपर (बंद करू शकतो)', 'टेस्टर जुना', 'टेस्टर', 'तात्पुरता', 'तात्पुरता नवीन'... डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये रोलवर आधारलेल्या परवानग्यांची पद्धत औपचारिकपणे मांडली, तेव्हा कल्पना सरळ होती: हक्क रोलला द्या, माणसं रोलमध्ये बसवा. तिथे रोल म्हणजे कामाचं नाव. आमच्याकडे रोल म्हणजे त्या त्या दिवशी कुणाचं काय अडलं होतं त्याची आठवण.

५ जून, गुरुवार

सगळी सदस्यता एका तक्त्यात आणायची म्हणून एपीआयवर (प्रोग्रामने रेडमाइनकडून थेट माहिती मागायची सोय) छोटी स्क्रिप्ट लिहिली. पहिला निकाल बघून खूश झाले, कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा सदस्य बरेच कमी निघाले. मग लक्षात आलं की एकाही प्रोजेक्टात २५ च्या वर माणूस नाही, आणि मोठे प्रोजेक्ट सगळे बरोब्बर २५.

एपीआय एका वेळी २५ च नोंदी देतं, फार तर १०० मागता येतात. त्यापुढचं पान वेगळं मागावं लागतं. हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. पानं उलटणारी चार ओळींची भर घातली आणि सदस्यतेच्या ओळी ९०० वरून २,६४० वर गेल्या. खुशी संपली.

एक गोष्ट चांगली: प्रत्येक रोलसोबत तो वारशाने आलाय की थेट, हे एपीआय सांगतं. मोजलं तर निम्म्याहून जास्त थेट. म्हणजे ग्रुप २२ असूनही लोकांनी ग्रुप वापरलेच नाहीत, एकेक माणूस हाताने घातला.

९ जून, सोमवार

आजचा दिवस एकाच कोड्यात गेला. एका टेस्टरचं नाव एका प्रोजेक्टात 'वारशाने' म्हणून दिसत होतं. वारशाने आलेलं असलं की सदस्यांच्या पानावर काढायचा दुवा येत नाही आणि रोलची खूण राखाडी असते. एपीआयने काढायला गेलं तर ४२२ हा नकाराचा कोड येतो. बरोबरच आहे, वारसा जिथून आला तिथूनच काढायला हवा. पण ती कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हती, आणि वरच्या प्रोजेक्टातही नव्हती. मग वारसा कुणाचा?

टेस्टिंगच्या डेटाबेस प्रतीवर थेट तक्ते उघडून बघितले. सदस्य आणि रोल जोडणाऱ्या तक्त्यात प्रत्येक ओळीला 'कुठल्या ओळीकडून वारसा आला' हा रकाना असतो. ग्रुपला रोल दिला की ग्रुपमधल्या प्रत्येकाची एकेक ओळ तयार होते आणि तिच्यात ग्रुपच्या ओळीचा क्रमांक असतो. ग्रुपचा रोल काढला की प्रोग्राम त्या क्रमांकावरून अशा सगळ्या ओळी शोधून पुसतो. या बाईंच्या ओळीत जो क्रमांक होता ती ओळच तक्त्यात नव्हती.

म्हणजे कधीतरी कुणीतरी घाईत ग्रुपची ओळ थेट एसक्यूएलने (डेटाबेसला थेट आज्ञा देऊन) उडवली होती. प्रोग्राममधून न जाता. त्यामुळे मागची साफसफाई झाली नाही आणि लेकरं राहिली, आई गेली.

अशा पोरक्या ओळी एकूण ६३ निघाल्या. ३८ माणसं, ११ प्रोजेक्ट. कुणी केलं ते शोधत बसले नाही. त्या काळात मीही इथे होते आणि माझ्याकडेही डेटाबेसचा पासवर्ड होता. खात्री देता येत नाही.

दुरुस्ती: वारसा रकाना रिकामा करून त्या ओळी आधी 'थेट' करायच्या, मग नेहमीच्या मार्गाने काढायच्या. म्हणजे पुढची सगळी आवराआवर प्रोग्रामकडूनच होईल. हे रेल्स कन्सोलमधून (रेडमाइनच्या प्रोग्रामला थेट आज्ञा द्यायची खिडकी), आधी प्रतीवर.

११ जून, बुधवार

सार्वजनिक प्रोजेक्ट ३१.

लोकांना 'सार्वजनिक' म्हणजे 'आपल्या टीममध्ये सगळ्यांना' असं वाटतं. इथे त्याचा अर्थ: लॉगिन असलेल्या प्रत्येकाला. आमच्याकडे लॉगिन सक्तीचं आहे म्हणून थेट इंटरनेटवर उघडं पडलं नाही, नाहीतर 'निनावी' रोलनेही आत येता आलं असतं. आणि नवीन प्रोजेक्ट मुळात सार्वजनिकच बनतो, तशी मूळ सेटिंग आहे. कुणी मुद्दाम उघडं ठेवलं नाही, कुणी मुद्दाम बंद केलं नाही, एवढंच.

त्या ३१ मध्ये एक होता भरतीचा. उमेदवारांच्या मुलाखतींवरचे शेरे. २४० खात्यांना दिसत होते, त्यात बाहेरच्या कंत्राटदारांची खातीही आली. हे साहेबांना जाऊन तोंडी सांगितलं, लेखी नंतर. त्यांच्या समोरच बसून खूण काढली. सेव्ह करायला दोन सेकंद लागले. साहेबांनी विचारलं, "हे कुणी बघितलं का ते कळेल?" वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये पत्ते असतात, पण आमचे लॉग ३० दिवसांचेच ठेवलेले. त्याआधीचं काही सांगता येणार नाही. तेही सांगितलं.

'सदस्य नसलेला' रोल उघडून बघितला तर त्यात इश्यू बघणं तर होतंच, पण शेरा घालणं आणि इश्यू बदलणंसुद्धा होतं. वाचण्यापुरतं ठेवून बाकी काढलं. संध्याकाळपर्यंत तक्रार शून्य. म्हणजे ती परवानगी कुणाला लागतच नव्हती.

नवीन प्रोजेक्ट खासगी बनावा ही सेटिंग बदलली. उरलेल्या ३० प्रोजेक्टांच्या प्रमुखांना एकेक ओळीचा प्रश्न पाठवला: हा सगळ्यांना दिसायला हवा का? सात जणांची उत्तरं आली. बाकीच्यांना शुक्रवारी परत.

१६ जून, सोमवार

दोन आठवडे झाले. अंगभूत 'सदस्य नसलेला' सोडला तर अजून एकही रोल बदललेला नाही. ठीक.

आज रोलचा आराखडा. १४ चे ६ करायचे. टेस्टिंगच्या प्रमुख बाई आणि मी, दोन तास, एक फळा. परवानग्यांचा अहवाल म्हणून जे पान आहे (सगळे रोल आडवे, सगळ्या परवानग्या उभ्या) ते छापून भिंतीला लावलं होतं. स्क्रीनवर ते बघवत नाही, कागदावर फरक लगेच नजरेत भरतात. 'डेव्हलपर' आणि 'डेव्हलपर २' यांच्यात फरक एकाच परवानगीचा: विकी पान डिलीट करणे.

बाई म्हणाल्या, "मला सहा नकोत, चार कर."

"अहो, मग पाहुणा आणि वाचक एकच होतील."

"होऊ देत."

"पाहुण्याला बाकीच्यांचे इश्यू दिसले तर चालेल का तुम्हाला?"

गप्प झाल्या. सहा ठरले: वाचक, नोंदक, करणारा, तपासणारा, प्रमुख, पाहुणा.

पाहुणा सगळ्यात विचार करून बनवला. बाहेरची माणसं यात जाणार. रोलमध्येच 'कोणते इश्यू दिसावेत' याचे तीन पर्याय असतात: सगळे, खासगी सोडून सगळे, आणि फक्त स्वतः नोंदवलेले किंवा स्वतःकडे दिलेले. पाहुण्याला तिसरा. 'कोणती माणसं दिसावीत' यातही सगळी चालू खाती असं होतं. ते बदलून दिसणाऱ्या प्रोजेक्टांतले सदस्य एवढंच केलं. कंत्राटदाराला आमच्या २४० जणांची नावं माहीत असण्याचं कारण नाही.

पण बेरजेचा नियम इथेही आहे. पाहुण्याला त्याच प्रोजेक्टात चुकून 'वाचक'ही दिला तर त्याला सगळं दिसेल. तिसरा पर्याय हा कुलूप नाही, फक्त त्या रोलपुरती मर्यादा आहे. फळ्यावर लाल रंगात लिहिलं: पाहुण्याला दुसरा रोल नाही.

'प्रमुख' या रोलला सदस्य घालता-काढता येतील, पण कोणते रोल देता येतील तेही बांधून टाकता येतं. प्रमुखाला नवा प्रमुख बनवता येणार नाही, बाकी सगळे देता येतील. यावर बाईंची थोडी कुरकुर झाली. नवा प्रमुख लागला तर मला सांगा, म्हटलं.

१८ जून, बुधवार

चार प्रोजेक्टांत चाचणी म्हणून नवे रोल लावले. साडेदहाला पहिला फोन: "स्टेटसच बदलत नाहीये. ड्रॉपडाउनमध्ये एकच नाव दिसतंय."

माझी चूक. रेडमाइनमध्ये स्टेटस बदलण्याचा हक्क परवानग्यांच्या पानावर ठरत नाही, वर्कफ्लोत (कोणत्या स्टेटसवरून कोणत्या स्टेटसला जाता येईल याचा तक्ता) ठरतो. आणि वर्कफ्लो हा प्रत्येक रोल आणि प्रत्येक ट्रॅकर (इश्यूचा प्रकार) यांच्या जोडीसाठी वेगळा. नवा रोल बनवताना 'वर्कफ्लो यावरून कॉपी करा' हा पर्याय असतो. मी 'वाचक' बनवताना रिकामा ठेवला (त्याला काय करायचंय!) आणि त्याच ओघात बाकीचे पाचही रिकामे बनवले. इश्यू बदलायची परवानगी आहे, पण कुठून कुठे जाता येईल याची एकही चौकट टिक केलेली नाही, म्हणून फक्त आहे तेच स्टेटस दिसतं.

वर्कफ्लोच्या कॉपी पानावरून जुन्या 'डेव्हलपर'चा 'करणारा'ला, 'टेस्टर'चा 'तपासणारा'ला, सात ट्रॅकर एका फटक्यात. अकरापर्यंत सुरळीत. त्यासाठी बाईंनी मला चहाची भरपाई मागितली आहे.

१९ जून, गुरुवार

कालची चूक सगळ्यांना दिसली म्हणून अर्ध्या तासात सुटली. आजची दिसलीच नसती.

एका डेव्हलपरने सहज विचारलं, "मी एका इश्यूवर वॉचर होते, आता नाहीये. तू काढलंस का?" (वॉचर म्हणजे इश्यूत काही घडलं की ज्याला मेल जातो तो.) मी नाही काढलं. म्हणजे हाताने नाही काढलं.

झालं असं: चाचणीच्या चार प्रोजेक्टांत मी आधी थेट सदस्य काढले आणि मग ग्रुप घातला. मधे दहा-वीस सेकंदांचं अंतर. खासगी प्रोजेक्टातून माणसाची सदस्यता गेली की प्रोग्राम त्याला ज्या इश्यू दिसेनाशा झाल्या त्यांच्या वॉचर यादीतून काढून टाकतो. योग्यच आहे, नाहीतर गेलेली माणसं यादीत कुजत राहिली असती. पण वीस सेकंदांनी माणूस परत आला तरी वॉचर परत येत नाही. त्याची कुठे नोंदही राहत नाही, इश्यूच्या इतिहासात ते दिसत नाही.

रात्रीच्या बॅकअपमधला वॉचरचा तक्ता आणि आजचा तक्ता शेजारी ठेवले. ४१२ ओळी गायब. त्या चार प्रोजेक्टांपुरत्या, आणि ज्यांना आता पुन्हा इश्यू दिसतोय त्यांच्यापुरत्याच परत घातल्या. ३९७ परत आल्या. उरलेल्या १५ मध्ये ज्यांना आता अ‍ॅक्सेस नको अशीच माणसं निघाली.

तिने विचारलं नसतं तर ८२ प्रोजेक्टांत हेच करून मोकळी झाले असते, आणि महिनाभराने लोक म्हणाले असते, हल्ली मेल येत नाहीत बुवा.

क्रम आता असा: आधी ग्रुप घाला, माणसाला नवा रोल वारशाने मिळालाय याची खात्री करा, मग थेट रोल काढा. कधीही उलट नाही. आणि त्याच वेळी प्रोजेक्टातल्या कॅटेगरीचा ठरलेला जबाबदार माणूस तपासा, कारण सदस्यता जाताना तेही नाव पुसलं जातं. इश्यू ज्याच्याकडे दिलाय ते नाव मात्र तसंच राहतं. म्हणजे इश्यू अशा माणसाच्या नावावर बसून राहतो ज्याला तो उघडतासुद्धा येत नाही. दोन्ही बाजूंनी त्रास.

२३ जून, सोमवार

'मुदत' हा रकाना फक्त प्रमुखांनी बदलावा, असा जुना नियम आहे. वर्कफ्लोतल्या रकान्यांच्या परवानग्यांत तो 'करणारा'साठी फक्त वाचण्यापुरता केला. तरी एका प्रोजेक्टात दोन टेस्टर मुदती बदलताना सापडले.

पुन्हा बेरीज, पण इथे जरा वेगळ्या अंगाने. एकाच माणसाकडे दोन रोल असतील तर रकाना तेव्हाच बंद होतो जेव्हा त्याच्या सगळ्या रोलमध्ये तो बंद असतो (इश्यू घालता किंवा बदलता न येणारे रोल यात धरले जात नाहीत, त्यामुळे 'वाचक'चा त्रास नाही). या दोघांना वरच्या प्रोजेक्टातून 'करणारा' आणि ग्रुपमधून 'तपासणारा' मिळाला होता. 'तपासणारा'मध्ये मी बंदी घातलीच नव्हती. बंदीही सगळ्यांनी मिळून घालावी लागते, मुभा एकाने दिली तरी पुरते.

'तपासणारा'मध्ये बंदी घातली. पण मूळ प्रश्न तो नाही. दोन रोल आलेच का? ५१ पैकी ४४ उपप्रोजेक्टांवर 'सदस्य वरून घ्या' आहे. वरच्या प्रोजेक्टात कुणालाही घातलं की तो त्याखालच्या अशा सगळ्या उपप्रोजेक्टांत पाझरतो. कंत्राटदाराची १९ प्रोजेक्ट अशीच झाली होती: दोन ठिकाणी थेट, आणि त्यातला एक होता वरचा, त्याखाली १७ उपप्रोजेक्ट. हिशोब जुळला. पहिल्या दिवसापासून ते १९ मला छळत होतं.

वारशाची खूण फक्त तिथे ठेवायची जिथे वरची आणि खालची टीम खरोखर एकच आहे. असे निघाले १२.

२६ जून, गुरुवार

ज्यांचं थेट नाव काढलं जाणार आहे त्यांची यादी प्रमुखांना पाठवली होती. आज एक ज्येष्ठ सहकारी स्वतः आले.

"माझं नाव प्रोजेक्टातून काढतेयस म्हणे."

"नाव राहतंय सर, ग्रुपमधून येईल. तुम्हाला सगळं आत्ता दिसतं तसंच दिसेल."

"मग अ‍ॅडमिनची खूण कशाला काढतेस?"

मी त्यांना त्यांच्या शेवटच्या अ‍ॅडमिन कामाची तारीख सांगू शकले असते. नाही सांगितली. आमच्याकडे रेडमाइन सुरू झालं तेव्हा सगळी मांडणी त्यांनीच केली होती, वर्कफ्लोची पहिली आखणी त्यांच्या हातची आहे. त्यांच्यासाठी ती खूण म्हणजे परवानगी नव्हतीच. एक प्रकारचा मान होता.

म्हटलं, "सर, नवीन प्रोजेक्ट कुणी मागितला तर मंजुरी तुमचीच. बटण मी दाबेन." थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ठीक आहे, पण मंजुरीचा इश्यू माझ्याकडे यायला पाहिजे, मेलवर तोंडदेखलं नको. रास्त मागणी. तसा ट्रॅकर केला.

३० जून, सोमवार ते २ जुलै, बुधवार

उरलेली ८२ प्रोजेक्ट तीन रात्रींत. पहिल्या रात्री २०, मग ३०, मग ३२. प्रत्येक रात्री आधी बॅकअप, मग वॉचर तक्त्याची मोजणी, मग स्क्रिप्ट, मग पुन्हा मोजणी. वॉचरचा फरक दिसला की थांबायचं.

तपासणी अशी: अ‍ॅडमिनच्या एपीआय किल्लीने (एपीआयसाठीचा पासवर्डच म्हणा) विनंती पाठवताना हेडरमध्ये दुसऱ्याचं लॉगिन देता येतं, मग उत्तर त्या माणसाच्या नजरेतून येतं. सहाही रोलचा एकेक खरा वापरकर्ता निवडला. त्याला किती प्रोजेक्ट दिसतात, किती इश्यू दिसतात, आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी. करणारा, तपासणारा आणि प्रमुख यांना आपापल्या टीमपुरता फरक पडता कामा नये. पाहुण्याचा आकडा धाडकन पडला पाहिजे. पडला: एका पाहुण्याचे २,१०० इश्यू होते, राहिले ३४.

दुसऱ्या रात्री एक प्रोजेक्ट अडकला. बंद केलेला होता. बंद प्रोजेक्टात सगळं फक्त वाचता येतं. आधी उघडा, मग बदला, मग परत बंद करा. असे पाच.

३ जुलै, गुरुवार

सकाळी ११ तक्रारी. त्यातल्या ७ "मला अमुक दिसत नाही" याला उत्तर "नकोच दिसायला". तीन खऱ्या, ग्रुपमध्ये नाव घालायचं राहिलं होतं.

अकरावी वेगळी. रोजचा अहवाल आला नाही. काल लॉक केलेल्या खात्यांमध्ये दीड वर्षापूर्वी गेलेल्या एकाचं खातं होतं. अहवालाची स्क्रिप्ट त्याच्या वैयक्तिक एपीआय किल्लीवर चालत होती. खातं लॉक झालं की किल्लीही मरते. बरं, ते खातं अ‍ॅडमिन होतं. म्हणजे दीड वर्ष, आमच्यातून गेलेल्या माणसाची अ‍ॅडमिन किल्ली एका सर्व्हरवरच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडून होती.

अहवालासाठी वेगळं खातं केलं. फक्त 'वाचक', फक्त लागणाऱ्या नऊ प्रोजेक्टांत. अहवाल दुपारी आला. आकडे कालपेक्षा थोडे कमी दिसले म्हणून कुणीतरी विचारलंच: भरतीचे इश्यू आधी त्यात मोजले जात होते.

७ जुलै, सोमवार

अ‍ॅडमिन ९ वरून २. रोजच्या कामाला माझं साधं खातं, अ‍ॅडमिन खातं वेगळं. एकाच खात्यावर दोन्ही ठेवलं की "मला तर दिसतंय" हे उत्तर तोंडात बसतं आणि दुसऱ्याची अडचण कळतच नाही.

१४ जुलै, सोमवार

तात्पुरत्या अ‍ॅक्सेसचा प्रश्न. सदस्यतेला संपायची तारीख रेडमाइनमध्ये मुळात नाही. 'तात्पुरता' नावाचा रोल जन्माला आला तो यातूनच, आणि त्यात २९ माणसं कायमची राहिली होती.

आता अ‍ॅक्सेस हवा असेल तर इश्यू. ट्रॅकर 'अ‍ॅक्सेस', रकाने: कोण, कुठला ग्रुप, का, आणि मुदत सक्तीची. अ‍ॅक्सेस दिला की इश्यू बंद करायचा नाही, 'चालू' या स्टेटसला ठेवायचा. माणूस ग्रुपमधून काढला की मगच बंद. मुदत उलटलेल्या 'चालू' इश्यूंचा जतन केलेला फिल्टर माझ्या पहिल्या पानावर लावला. रात्रीची स्क्रिप्ट पाहुण्यांची यादी आणि हे इश्यू जुळवून बघते. इश्यू नसलेला पाहुणा दिसला तर मेल.

१७ जुलै, गुरुवार

संपलं असं साहेबांना कळवणार होते. मेल लिहितानाच ८६ हा आकडा खटकला. एपीआयच्या यादीत संग्रहित प्रोजेक्ट येत नाहीत. व्यवस्थापनाच्या पानावर फिल्टर बदलून बघितलं: संग्रहित २३.

आत्ता ते कुणालाच दिसत नाहीत, पण त्यांची सदस्यता होती तशी साठवलेली आहे. उद्या कुणी 'जुनं काहीतरी बघायचंय' म्हणून एखादा संग्रहातून बाहेर काढला, की जुने रोल, जुनी माणसं, सगळं परत जिवंत. शिवाय वरचा प्रोजेक्ट संग्रहात असेल तर खालचा आधी काढता येत नाही, म्हणजे वरून खाली क्रमाने जावं लागेल.

प्रतीवर पहिला काढून बघितला. सदस्य १६. त्यातले ९ लॉक. आणि पाचव्या ओळीत तोच कंत्राटदार, 'मॅनेजर' म्हणून.

उद्यापासून २३.